दर मार्चमध्ये कारच्या एसीचा गॅस ‘संपतो’: घरी भरण्याआधी कपलर, पिन आणि वजनकाटा

एसीचा गॅस वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस गोल फिरत राहतो. गेल्या मार्चमध्ये भरला आणि या मार्चमध्ये पुन्हा गरम हवा येते आहे, याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर जातोय. गॅरेजवाला दरवर्षी ‘टॉप-अप मारू’ म्हणतो, आपण पैसे देतो, आणि गळती जिथल्या तिथे राहते. मग कुणीतरी ऑनलाइन गेज, नळी आणि गॅसचा डबा मागवतो आणि घरी तेच करतो. फक्त मजुरी वाचते.

थोडं पाझरणं सगळ्याच गाड्यांत असतं. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील आणि रबरी नळ्या शंभर टक्के हवाबंद नसतात. युरोपच्या 2006 च्या नियमात एका कूलिंग कॉइलच्या (डॅशबोर्डच्या आतली हवा गार करणारी जाळी) गाडीला वर्षाला 40 ग्रॅमपर्यंतची गळती चालते, दोन कॉइलच्या गाडीला 60. आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण 350 ते 450 ग्रॅम गॅस मावतो. 40 ग्रॅमच्या हिशेबाने 100 ग्रॅम जायला अडीच वर्षं लागतील. तुमची गाडी वर्षभरात गरम हवा फेकायला लागली तर हे नेहमीचं पाझरणं नव्हे. नेमकी एक जागा गळते आहे आणि बहुतेक वेळा ती सापडते.

हे सगळं आर-134ए गॅसच्या गाड्यांसाठी लिहितो आहे. बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव, ग्रॅममध्ये वजन आणि बहुतेक वेळा तेलाचा प्रकार लिहिलेला असतो. आर-1234वायएफ लिहिलं असेल तर घरी हात लावू नका. तो गॅस पेट घेऊ शकतो आणि त्याची फिटिंगही वेगळी असतात. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तरीही थांबा. तिथल्या कॉम्प्रेसरला वीज न वाहून नेणारं पीओई तेल लागतं. बाजारात सहज मिळणारं पीएजी तेल त्यात गेलं तर कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन बिघडतं. नळीत आधीच्या गाडीचं तेल थोडंफार राहिलेलं असेल तरी धोका आहे.

गॅस कमी आहे, हे आधी नक्की करा

हायवेवर मस्त गार आणि सिग्नलला गरम, अशी तक्रार असेल तर डबा बाजूला ठेवा आणि समोरचा पंखा बघा. एसी लावल्यावर कंडेन्सरचा (रेडिएटरसमोरच्या, गॅस गार करणाऱ्या जाळीचा) पंखा फिरायलाच हवा. गाडी पळताना वारा मिळतो म्हणून काम भागतं, उभी राहिली की नाही. कंडेन्सरच्या पट्ट्यांत वर्षभराची माती, किडे, सुकलेला चिखल बसलेला असतो. पाण्याच्या साध्या धारेने, जोर कमी ठेवून, आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशरने त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मुडपतात. हवाच कमी येत असेल, पण जेवढी येते तेवढी गार असेल, तर केबिन फिल्टर चोंदलेला आहे. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो.

यात काही सापडलं नाही तर एसी पाच मिनिटं पूर्ण लावून बोनेट उघडा. जाड पाइप गार आणि घामेजलेला हवा, बारीक पाइप गरम. जाड पाइप नुसताच कोमट आणि कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी टक-टक करत लागतो आणि सुटतो आहे? तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी.

बंद गाडीत गेज लावून गॅस किती आहे ते कळत नाही

निम्मी गडबड इथे होते. इंजिन बंद असताना गेजवर 95 पीएसआय (दाबाचं माप) दिसलं की लोक ‘प्रेशर तर चांगलं आहे’ म्हणतात. बंद गाडीतलं प्रेशर ठरतं ते तापमानावर. नळ्यांत थोडासा द्रव गॅस जरी शिल्लक असला तरी 25 अंशाला काटा साधारण 82 पीएसआय दाखवणार, 30 अंशाला 97, 35 अंशाला 114. आत 400 ग्रॅम असो नाहीतर 200. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखंच आहे हे: शेगडीची ज्योत शेवटपर्यंत तेवढीच, किती उरलाय ते उचलूनच कळतं.

पण हेच आकडे दोन ठिकाणी कामाला येतात. रात्रभर सावलीत उभ्या गाडीत काटा या आकड्याच्या बराच खाली असेल तर आत द्रव उरलेलाच नाही, म्हणजे सिस्टिम जवळपास रिकामी आहे. बराच वर असेल तर आत हवा शिरली आहे किंवा भलताच गॅस भरला आहे. आर-22 (घरच्या जुन्या एसीतला गॅस) असता तर 25 अंशाला 137 दिसलं असतं. नवा डबाही असाच तपासता येतो. रात्रभर घरात ठेवा, खोलीचं तापमान बघा, गेज लावा. या तपासणीत पास झाला म्हणून गॅस शंभर टक्के अस्सल, असं नाही. नापास झाला तर मात्र परत करा.

आणि बनावट गॅसला हलकं घेऊ नका. 2011 मध्ये व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट होऊन माणसं मेली. आर-134ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये आर-40 म्हणजे मिथाइल क्लोराइड होतं. ते ॲल्युमिनियमशी लागलं की हवा मिळताच पेटणारं रसायन तयार होतं. कारच्या एसीत कंडेन्सर, कॉइल, पाइप सगळं ॲल्युमिनियमचंच.

कपलर आणि आटे: कुठे काय बसतं

आर-134ए च्या गाडीला गॅस भरायची दोन तोंडं, म्हणजे सर्व्हिस पोर्ट, असतात. जाड पाइपवर लो साइडचा (कमी दाबाचा), 13 मिमीचा. बारीक पाइपवर हाय साइडचा (जास्त दाबाचा), 16 मिमीचा. टोप्यांवर एल आणि एच असतं, पण जुन्या गाडीत त्या अदलाबदल झालेल्या किंवा गायबच असतात, म्हणून पाइपच्या जाडीवर विश्वास ठेवा. मापं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. डब्याची नळी चुकून हाय साइडला लागली आणि कॉम्प्रेसर चालू असला तर 200 पीएसआयच्या वरचं प्रेशर उलटं डब्यात शिरतं आणि डबा फुटतो. ॲडॉप्टर लावून ही अडचण ‘सोडवणारे’ व्हिडिओ आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

कपलर, म्हणजे नळीच्या टोकाचा जोड, पोर्टला बसतो, पण मागच्या आट्यांवर घोडं अडतं. कपलरच्या मागे कुठे एम-14 चे आटे असतात, कुठे पाव इंची फ्लेअर, कुठे अर्धा इंची ॲक्मे. घरच्या एसीच्या कामातलं जुनं गेज कुणाकडून आणलं असेल तर त्याच्या नळ्या पाव इंची फ्लेअरच्या असतात. आर-410ए आणि आर-32 साठी घेतलेल्या असतील तर बऱ्याचदा 5/16 इंची. दोन्ही हाताने एक-दोन फेरे बसल्यासारख्या वाटतात आणि पाना लावला की पितळेचे आटे मरतात. मागवताना गेजचा फोटो बघून भागत नाही. कपलर, नळी आणि डब्याचा टॅप या तिघांचे आटे लिहून घ्या आणि जुळवा. सगळ्यात सोपं म्हणजे ‘आर-134ए’ लिहिलेला गेज, नळ्या आणि कपलरचा एकत्र संच घेणं.

डब्याच्या टॅपचंही तसंच. अमेरिकेत 2018 पासून छोट्या डब्यांना आपोआप बंद होणारा वॉल्व्ह सक्तीचा आहे. तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेला किट किंवा व्हिडिओतला टॅप इकडच्या भोक पाडायच्या डब्याला बसत नाही. इकडच्या टॅपला सुई असते. आधी मूठ उलटी फिरवून सुई पूर्ण वर घ्या, मग टॅप डब्यावर घट्ट बसवा, मग मूठ सुलटी फिरवून भोक पाडा. सुई खाली असेपर्यंत भोक तिनेच बंद असतं. गॅस सोडायचा तेव्हा मूठ पुन्हा उलटी. भोक पडलेल्या डब्यावरून टॅप काढला तर उरलेला सगळा गॅस गेलाच, म्हणून अर्धा डबा ठेवायचा असेल तर टॅपसकट ठेवा.

आता कपलर बसवणं, कारण पोर्टमधली पिन (तोंड बंद ठेवणारा छोटा वॉल्व्ह) वाकते ती इथेच. डोक्यावर फिरवायची मूठ असलेला कपलर घ्या. मूठ घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण फिरवा, म्हणजे आतला दांडा वर जातो. बाहेरची कडी वर ओढून धरा, कपलर पोर्टवर सरळ उभा दाबा, कडी सोडा. टक् असा आवाज यायला हवा आणि हलवून बघितलं तर निघता कामा नये. मग मूठ घड्याळाच्या दिशेने फिरवा. दांडा खाली येऊन पोर्टमधली पिन दाबतो आणि गेजचा काटा उठतो. काढताना बरोबर उलटं: आधी मूठ उलटी फिरवून पिन मोकळी करा, मग कडी ओढा. दांडा खाली असताना कपलर तिरका दाबला की पिन एका बाजूला झुकते आणि त्या दिवसापासून तिथून गॅस झिरपत राहतो. दरवर्षी कुणीतरी नळी लावतो, पिन आणखी झुकते, आणि गॅस भरणंच पुढच्या गळतीचं कारण बनतं.

गळती शोधा, पिनपासून

म्हणून पहिला संशय पोर्टवर. टोपी काढा, पोर्टच्या तोंडात भांडी घासायच्या जेलचं पातळ पाणी भरा, दोन-तीन मिनिटं थांबा. बुडबुडा वर येऊन फुगला तर पिन गळते आहे. टोपी नसेल तर आधी ती आणा. तिच्या आत रबरी रिंग असते आणि पिन थोडीशी गळत असेल तर अडवण्याचं काम तीच करते. पिन बदलताना टायरची पिन घालू नका. दिसायला जवळची असली तरी तिचं रबर या गॅस-तेलासाठी बनलेलं नसतं, आणि एसीच्या पिनांतही दोन-चार प्रकार आहेत, म्हणून जुनी हातात घेऊन दुकानात जा. सिस्टिम भरलेली असताना पिन उघडायची नाही. गॅस उकळतो उणे 26 अंशाला, बोटांवर आला तर कातडी गोठते. चष्मा आणि हातमोजे आधी घाला.

पिन ठीक असेल तर डोळे वापरा. गॅस एकटा बाहेर पडत नाही, सोबत तेल नेतो आणि त्यावर धूळ चिकटते. कंडेन्सरचे खालचे कोपरे, नळीचं रबर धातूत दाबलेलं असतं ती जागा, कॉम्प्रेसरच्या क्लचमागचा भाग: यात कुठे काळपट ओलसर डाग दिसला तर तिथे साबणाचं पाणी. हाय साइडचे जोड तपासायचे तर एसी दहा मिनिटं चालवा, इंजिन बंद करा आणि लगेच मारा, तेव्हा प्रेशर सगळ्यात जास्त असतं. किनाऱ्याकडच्या गाड्यांत, मग ती रत्नागिरीची असो की पणजीची, खाऱ्या हवेने कंडेन्सर लवकर सडतो. पट्ट्या बोटाने चुरतात का बघा.

मार्चचा आणि शाफ्टच्या सीलचा संबंध आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी एसी बंदच असतो. तेल फिरत नाही, सीलची कड कोरडी पडते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावायचा, थंडीतही.

बारीक गळती साबणाला दिसत नाही. त्यासाठी अतिनील टॉर्च आणि डाय (त्या उजेडात चमकणारा रंग). थोडा डाय आत सोडून आठवडाभर गाडी चालवा, मग अंधारात पिवळा चष्मा घालून बघा. हिरवट-पिवळी चमक सापडेल. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, तिथे टॉर्च पोचत नाही. पाणी टपकतं त्या ड्रेन नळीच्या तोंडाशी बघा. तिथे चमक असेल तर कॉइल गेली.

जोड गळत असेल तर ओ-रिंग (जोडातली गोल रबरी रिंग) बदला. आर-134ए साठी बहुतेक हिरव्या एचएनबीआर रबराच्या मिळतात. बसवताना एसीच्या तेलाचा थेंब लावा आणि ॲल्युमिनियमचा नट सोडताना दोन पाने वापरा, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. एका पान्याने पाइपच पिळला जातो.

‘लीक बंद करणारं’ औषध मिसळलेले डबे टाळा. ते आत ओलावा सापडेल तिथे घट्ट होतं, एक्स्पान्शन वॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारा, बारीक भोकाचा वॉल्व्ह) तुंबवतं, आणि पुढे गाडी चांगल्या वर्कशॉपला नेली की ते त्यांच्या मशीनला लावायला नाही म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं.

व्हॅक्यूम: पुण्यात 28, मुंबईत 30

सिस्टिम उघडली असेल किंवा रिकामी झाली असेल तर व्हॅक्यूम मारल्याशिवाय, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढल्याशिवाय, गॅस भरायचा नाही. हवा राहिली तर हाय साइडचं प्रेशर चढतं. पाणी राहिलं तर एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ होतो: दहा मिनिटं गार, मग गरम, बंद करून थोड्या वेळाने पुन्हा गार. पावसाळ्यात उघडलेल्या सिस्टिमची ही हमखास खोड.

गेजवर ‘30 इंच’ (पाऱ्याचे इंच, व्हॅक्यूमचं माप) आलंच पाहिजे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते समुद्रसपाटीचं. पुणे साधारण 560 मीटरवर आहे, तिथे उत्तम पंपही 28 इंचांच्या आसपास थांबणार. महाबळेश्वरला 25-26. तिथे काटा 28 वर गेला नाही म्हणून लीक शोधत बसू नका. मात्र तुमच्या गावाला जो कमाल आकडा येतो, त्याच्या एका इंचाच्या आत पोचायलाच हवं. 25 अंशाला पाणी त्याच टप्प्यात उकळून वाफ होतं. फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर पंप म्हणून वापरण्याचा जुगाड सर्रास आहे. हवा काढतो, ओलावा काढण्याइतका खोल जाईल याची खात्री नाही. खरा दोन टप्प्यांचा पंप दिवसभरासाठी भाड्याने मिळाला तर तोच आणा आणि किमान अर्धा-पाऊण तास चालवा.

मग वॉल्व्ह बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते बघा. हलला तर लीक नक्की. नाही हलला तर लीक नाहीच, असं म्हणता येत नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त वातावरणाचा दाब असतो, आणि चालू एसीत हाय साइडला आतून बाहेर त्याच्या पंधरापट. खात्रीची चाचणी कोरड्या नायट्रोजनची, रेग्युलेटर लावून. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरू नका. ओलावा जातो, आणि गॅससोबत दाबाखाली हवा मिसळली की ते मिश्रण पेटू शकतं.

भरायचं वजनाने

स्टिकरवर 380 ग्रॅम असेल आणि 450 ग्रॅमचा अख्खा डबा मारला तर 70 ग्रॅम जास्त. जास्त गॅसनेही गारवा कमीच होतो. हाय साइड चढते आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. मग ‘अजून कमी असेल’ म्हणून दुसरा डबा फोडला जातो. त्यामुळे या सगळ्या सामानात मला सगळ्यात कामाचा वाटतो तो स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा.

डबा काट्यावर ठेवा, टॅप उघडून नळीतली हवा क्षणभर बाहेर सोडा, मग काटा शून्य करा. इंजिन चालू, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, काचा खाली, आरपीएम 1500 च्या आसपास. डबा सरळ उभा, म्हणजे वाफ जाते. उलटा धरला तर द्रव जातो आणि कॉम्प्रेसर द्रव दाबू शकत नाही, व्हॉल्व्ह मोडतात. डबा गार पडून गॅस हळू होतो तेव्हा तो कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, चाळीस अंशांच्या आतलं पाणी, आणि पातेल्यासकट काट्यावर. शेगडी नाही, हीटगन नाही. हाय साइडच्या गेजचा वॉल्व्ह या सगळ्या वेळात बंद.

हा हिशेब जमतो तो सिस्टिम रिकामी असतानाच. आत अर्धवट गॅस असेल तर किती आहे ते घरी कळायला मार्ग नाही, आणि हवेत सोडून रिकामी करणं हा मार्ग नव्हे. 450 ग्रॅम आर-134ए म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबाने सुमारे 640 किलो कार्बन डायऑक्साइड. अशा वेळी 30-40 ग्रॅम घालायचे, दहा मिनिटं चालवायचं, दोन्ही गेज बघायचे. रंगीत पट्ट्यांचं एकच गेज असलेल्या किटवर हे करू नका. नव्या गाड्यांतला बदलत्या क्षमतेचा कॉम्प्रेसर लो साइड स्वतःच एका आकड्यावर धरून ठेवतो, काटा हिरव्यातच राहतो आणि गॅस कमी की जास्त काहीच कळत नाही.

बाहेर 35 अंश असताना ठीक चालणारी सिस्टिम लो साइडला साधारण 35 ते 50 आणि हाय साइडला 200 ते 275 पीएसआय दाखवते. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त, पंखा बंद किंवा आत हवा. कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारल्यावर हाय साइड झपकन उतरली तर दोष हवेच्या प्रवाहाचा. लो जास्त आणि हाय कमी, तर कॉम्प्रेसर दाबत नाही, गॅस कितीही भरा. लो साइड व्हॅक्यूमकडे जात असेल तर एक्स्पान्शन वॉल्व्ह तुंबला किंवा गोठला. शेवटच्या दोन्ही प्रकारांत डबा परत कपाटात.

कॉइल गळत असेल तरी काम घरचं नाही. डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यात एअरबॅगच्या तारा असतात. पण वर्कशॉपला नेताना एक मागणी करा: रिकव्हरी मशीनने आतला गॅस आधी ओढून घ्या आणि किती ग्रॅम निघाला ते दाखवा. स्टिकरवरच्या आकड्यातून तो वजा केला की शेवटचं वजनाने भरल्यापासून किती गेला ते कळतं. 40-50 ग्रॅम गेला असेल तर गरम हवेचं कारण गॅस नाही, पंखा आणि कंडेन्सर पुन्हा तपासा. 200 गेला असेल तर ‘टॉप-अप’ला नकार द्या आणि आधी लीक दाखवायला सांगा.